काळी पडलेली केळी: आधी निवड, मग पदार्थ

एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की रविवार कारंजाच्या बाजारातून रविवारी आणलेली डझनभर केळी मंगळवारी ठिपकेदार होतात आणि गुरुवारी काळी. श्रावणात कारण वेगळं. उपास, सोमवार, सत्यनारायण, हळदीकुंकू, आणि प्रत्येक घरून प्रसादाला, ओटीला आलेली दोन-दोन केळी. टोपलीत मऊ केळ्यांचा ढीग साचतो आणि मग घाईने काहीतरी केलं जातं. बन्स, म्हणजे केळ्याच्या जाडसर गोड पुऱ्या, तेल पितात, शिऱ्याचा गोळा होतो, गुलगुले बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात.

या सगळ्याच्या मुळाशी एकच चूक दिसते. आधी पदार्थ ठरतो आणि मग हाताला लागतील ती केळी त्यात घातली जातात. करायचं उलटं असतं. केळं किती पिकलंय ते आधी बघायचं आणि पदार्थ त्यावरून ठरवायचा.

मापं सांगून ठेवते. इथली वाटी १५० मिलीची, मोठा चमचा १५ मिलीचा आणि नुसता चमचा म्हटलं की ५ मिलीचा. आपल्याकडे गाडीवर मिळणारं नेहमीचं लांब केळं सोललं की साधारण १०० ग्रॅम भरतं, म्हणजे दीड केळ्याचा एक वाटी गर होतो. वेलची केळी असतील तर एका वाटीला तीन ते चार लागतात. ‘दोन केळी घ्या’ असं कुणी सांगितलं की कोणती, हे विचारल्याशिवाय पीठ भिजवू नका.

१. केळी निवडून ढीग करा

सगळी केळी ताटात काढा आणि फणीपासून सुटी करा. देठ, साल, वास या क्रमाने प्रत्येक केळं बघा. सालीच्या रंगावर एकट्यावर भरवसा नको. फ्रीजमध्ये ठेवलेल्या केळ्याची साल थंडीने काळी पडते, पण आतला गर पांढरा आणि घट्ट असतो. अशी कितीतरी चांगली केळी नुसती साल बघून टाकून दिली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिला ढीग: साल पिवळी, त्यावर तपकिरी ठिपके, दाबल्यावर केळं थोडंच दबतं. हे न शिजवताच खायचं. शिकरण, कोशिंबीर, फ्रूट सॅलड या सगळ्यांना हेच हवं, कारण फोड धरून राहते.

दुसरा ढीग: साल निम्म्याहून जास्त काळी, गर मऊ पण रंगाने सायीसारखा, वास गोड. शिरा, बन्स आणि अप्पे यांच्यासाठी हे उत्तम.

तिसरा ढीग: साल पूर्ण काळी, गर मधाच्या रंगाचा आणि चमच्याने सहज कुस्करला जाणारा. हे गुलगुले, दशमी, केक आणि फ्रीजरसाठी. याचा शिरा करू नका, रंग मळकट येतो.

टाकायची केळी: दारूसारखा किंवा आंबूस वास, सालीतून पाणी पाझरणं, देठाशी किंवा आत बुरशी, साल फाटून त्यावर चिलटं बसलेली, किंवा मधोमध लालसर काळी कडक रेघ. यातलं एकही लक्षण दिसलं तर ते केळं वापरायचं नाही.

सावध: आपटल्याचा तपकिरी डाग कापून बाकीचं केळं वापरता येतं. बुरशीचं तसं नाही. केळं मऊ असतं, बुरशी दिसते त्याच्या पलीकडे आत गेलेली असू शकते, म्हणून अख्खं टाका.

२. आज वेळ नसेल तर एक-दोन दिवस थोपवा

पिकणारं केळं इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्याच वायूने शेजारचं केळं आणखी लवकर पिकतं. म्हणून ढीग केले की ते एकमेकांपासून लांब ठेवा. सफरचंद, आंबे, चिकू यांच्या टोपलीत केळी ठेवू नका. पिशवीची गाठ मारून तर अजिबात ठेवू नका, वायू आतच कोंडतो.

दुसऱ्या ढिगातली केळी सालीसकट फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस निभावतात. कच्ची हिरवट केळी मात्र फ्रीजमध्ये ठेवायची नाहीत. थंडीत त्यांचं पिकणं अडतं आणि बाहेर काढल्यावरही ती नीट पिकत नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत इथल्या कडाक्याच्या थंडीत केळी ओट्यावरही राखाडी दिसायला लागतात. ती खराब झाली असं समजू नका, एक सोलून बघा.

३. सोला, कुस्करा, मोजा, चाखा

क्रम हाच ठेवा. सोलल्यावर गराला चिकटलेले दोरे काढा, ते पिठात कडक लागतात. दोन्ही टोकांचा थोडा भाग काढून टाका. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काट्याने किंवा पावभाजीच्या मॅशरने कुस्करा. लोखंडी भांड्यात गर लवकर काळवंडतो.

मिक्सर शक्यतो नको. मिक्सरमधला गर पातळ दिसतो, तो बघून हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो आणि पदार्थ दगड होतो.

आता गर वाटीने मोजा. केळी मोजून पीठ घेतलं तर दर वेळी पदार्थ वेगळा होतो.

मग चमचाभर गर चाखा. ही पायरी जवळपास सगळे वगळतात. केळं पिकताना त्यातला स्टार्च साखरेत बदलत जातो, त्यामुळे तिसऱ्या ढिगातलं केळं पहिल्यापेक्षा खूपच गोड असतं. गुलगुल्यांचं सोडलं तर पुढची साखर-गुळाची मापं दुसऱ्या ढिगासाठी आहेत. तिसऱ्यासाठी त्यातली पाव ते एक तृतीयांश कमी करा. घरात मधुमेह असलेलं कुणी असेल तर ‘फळच आहे’ म्हणून ही केळी सढळ हाताने देऊ नका.

तपासा: गर पाव तासाहून जास्त वेळ ठेवायचा असेल तर वाटीला अर्धा चमचा लिंबाचा रस घाला, काळा पडत नाही. शिऱ्यासाठीच्या केळ्याला मात्र लिंबू लावू नका, पुढे त्यात दूध पडणार आहे.

४. शिरा: केळं दुधाच्या आधी

लागणारं: जाडसर रवा १ वाटी, तूप पाऊण वाटी, दुसऱ्या ढिगातलं १ मोठं केळं चकत्या करून, दूध सव्वादोन वाट्या, साखर पाऊण वाटी, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ. प्रसादाचा करायचा तर रवा, तूप, साखर सगळं सव्वाच्या मापात घेतात. कृती तीच.

कढई जाड बुडाची, स्टीलची किंवा कल्हई केलेली पितळी घ्या. शेजारच्या गॅसवर दूध तापत ठेवा. तुपात रवा बारीक आचेवर भाजा. दहा-बारा मिनिटं लागतात आणि त्यात घाई चालत नाही. रवा हलका होतो, उलथन्याखाली वाळूसारखा सळसळतो, गुलाबीसर दिसतो.

आता केळ्याच्या चकत्या थेट या तुपातल्या रव्यात घाला आणि दोन-तीन मिनिटं परता. केळं तुपात तळल्यासारखं होऊन रव्यात विरघळतं, घरभर खमंग वास सुटतो. बरेच जण दूध घालून झाल्यावर कुस्करलेलं केळं ढकलतात. मग त्याला तुपाचा स्पर्शच होत नाही, कच्चट वास राहतो आणि शिरा चिकट होतो.

मग उकळतं दूध घाला. हात जपून, वाफ जोरात येते. ढवळा, झाकण ठेवा, बारीक गॅसवर चार-पाच मिनिटं वाफ काढा. रवा पूर्ण फुलला की मगच साखर, मीठ आणि वेलदोडा. साखर घातल्यावर शिरा सैल होतो, घाबरू नका. पुन्हा झाकण ठेवून एक वाफ आली की आळतो.

सावध: साखर आधी घातली तर रवा फुलायचा थांबतो आणि दाताखाली कचकच येते. दूध थंड असेल तर गुठळ्या होतात. केळ्याला आंबूस वास असेल तर दूध फाटू शकतं, असं केळं पहिल्याच पायरीत बाजूला गेलं पाहिजे.

तपासा: झालेला शिरा कढईच्या कडा सोडतो आणि उलथन्याला हलकं तूप सुटलेलं दिसतं.

५. बन्स: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

हा पदार्थ मुळात मंगळूरकडचा, पण आता आपल्याकडे घरोघरी होतो आणि घरोघरी बिघडतो. म्हणून इथे थोडं थांबून सांगते.

लागणारं: गर १ वाटी, साखर २ मोठे चमचे, दही २ मोठे चमचे, जिरं १ चमचा, मीठ अर्धा चमचा, खायचा सोडा पाव चमचा, तूप १ चमचा, मैदा पावणेतीन ते तीन वाट्या. अर्धा मैदा आणि अर्धी कणीक घेतली तरी चालतं, बन्स थोडे कमी फुगतात.

गरात साखर घालून ती विरघळेपर्यंत फेटा. साखर विरघळली की गर आणखी पातळ होतो. म्हणून मैद्याचा अंदाज त्यानंतरच घ्यायचा. मग दही, मीठ, जिरं, सोडा. आता मैदा तीन-चार भागांत घाला. पाणी एक थेंबही नाही. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा मऊ आणि हाताला किंचित चिकटणारं हवं. शेवटी तूप लावून मळा, ओलसर फडक्याने झाका.

आता विश्रांती. अनेक कृतींत ‘रात्रभर ठेवा’ एवढंच लिहिलेलं असतं आणि ते नाशिकला बाराही महिने लागू होत नाही. थंडीत रात्रभर ठेवणं बरोबर आहे, उलट डबा ओट्यावरच्या उबदार कोपऱ्यात ठेवावा लागतो. मे महिन्यात तीन-चार तास पुरतात. माझं पीठ एकदा मे महिन्यात रात्रभर ओट्यावर राहिलं. सकाळी ते आंबट, ताणल्यावर तुटणारं आणि इतकं सैल झालं होतं की पोळपाटावरून उचलता येईना. मी त्यात आणखी दीड वाटी मैदा घातला. बन्स झाले, पण पुठ्ठ्यासारखे. उन्हाळ्यात रात्रीच भिजवायचं असेल तर पीठ फ्रीजमध्ये ठेवा आणि तळण्याआधी तासभर बाहेर काढा.

विश्रांतीनंतर पीठ थोडं सैल होणारच, ते अपेक्षित आहे. हाताला तेल लावून गोळे करा. लाटताना पिठीचा हलका हात. जाडी पुरीच्या दुप्पट ते तिप्पट, पाव इंचाच्या आसपास. पातळ लाटलेला बन्स पुरीसारखा फुगतो आणि आत जाळी येत नाही.

तेल मध्यम तापवा. पिठाची छोटी गोळी टाकून बघा: ती तळाशी क्षणभर थांबून मग सावकाश वर यायला हवी. झटकन वर येऊन लगेच लाल झाली तर तेल जास्त तापलंय, केळ्यातली साखर बाहेरून करपेल. तळाशीच बसून राहिली तर तेल थंड आहे, बन्स तेल पितील. बन्स टाकल्यावर झाऱ्याने तेल वर उडवत राहा, फुगला की उलटा, तपकिरी रंगावर काढा. एका वेळी दोन-तीनच.

तपासा: पहिला बन्स काढून लगेच मोडा. आत जाळी दिसली तर पुढचे तळा. आत ओला गोळा असेल तर गॅस कमी करा आणि पुढचे किंचित पातळ लाटा. पिठात काही घालू नका.

६. गुलगुले आणि अप्पे: तासाभरात होणारं

मुलं शाळेतून यायच्या वेळी करायला हे सोपं.

गुलगुल्यांसाठी तिसऱ्या ढिगातल्या केळ्यांचा गर १ वाटी, किसलेला गूळ २ मोठे चमचे, कणीक सव्वा वाटी, रवा २ मोठे चमचे, बडीशेप भरडून, चिमूटभर मीठ, चिमूटभर सोडा. गरात गूळ मिसळून दहा मिनिटं ठेवा म्हणजे खडे राहत नाहीत. मग सोडा वगळून बाकीचं घाला आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. रवा तेवढ्या वेळात ओल शोषून घेतो. मिश्रण चमच्यातून धारेने पडता कामा नये, गोळा होऊन पडलं पाहिजे. सोडा तळण्याच्या तोंडावर घाला.

गुलगुले लहान सोडा, सुपारीपेक्षा थोडे मोठे. मोठ्या लिंबाएवढा सोडला की तो आत कच्चा राहणारच, कारण गूळ आणि केळं दोन्ही बाहेरून लवकर रंग धरतात. गॅस मध्यमपेक्षाही कमी ठेवा.

तळण नको असेल तर अप्पे करा. बारीक रवा १ वाटी, गर १ वाटी, पाव वाटी गूळ अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून, ओलं खोबरं २ मोठे चमचे, वेलदोडा, मीठ. अर्धा तास भिजवा. रवा फुगून मिश्रण घट्ट होतं, मग इडलीच्या पिठाएवढं सैल करून चिमूटभर सोडा घाला. अप्पेपात्रात प्रत्येक खळग्यात तूप सोडून पाऊण भरा, झाकण ठेवून बारीक आचेवर चार मिनिटं, उलटून तीन मिनिटं.

सावध: गुळाचं पाणी गाळून घ्या. त्यात खडे आणि उसाचं चिपाड निघतं.

७. दशमी: प्रवासाच्या डब्यासाठी

गर १ वाटी, कणीक सव्वादोन ते अडीच वाट्या, तूप २ चमचे, चिमूटभर मीठ, वेलदोडा. गोडाला केळं पुरतं. पाणी न घालता मळा आणि दहाच मिनिटं झाका. जास्त ठेवली तर कणीक पाझरते आणि लाटताना चिकटते. पोळीपेक्षा जाड लाटा, मध्यमपेक्षा कमी आचेवर तूप सोडून भाजा. साध्या पोळीच्या तव्यावर साध्या पोळीच्या आचेवर टाकली तर पहिल्या मिनिटात काळे डाग पडतात.

डब्यात भरण्याआधी दशम्या जाळीवर पूर्ण गार करा. गरम भरल्या तर झाकणाला पाणी धरतं आणि उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत वास येतो. केळ्यामुळे ओल जास्त असते, म्हणून त्याच दिवशी संपवायच्या. गुळाच्या दशमीसारख्या त्या दोन-तीन दिवस टिकत नाहीत.

८. उरलेलं फ्रीजरमध्ये

आधी सोला. सालीसकट गोठवलेलं केळं नंतर सोलताना बोटं बधिर होतात आणि निम्मा गर सालीला चिकटून जातो.

मिल्कशेकसाठी चकत्या करा, ताटलीत एकमेकींना न चिकटता पसरा, दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि कडक झाल्या की डब्यात भरा. सरळ डब्यात भरल्या तर एकच दगड होतो. केक किंवा गुलगुल्यांसाठी गर कुस्करून, लिंबू लावून, एक-एक वाटीच्या पिशव्या करा आणि वर माप व तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत वापरून टाका.

बाहेर काढल्यावर गर काळपट दिसतो आणि पाणी सोडतो. ते पाणी ओतून देऊ नका, गोडी त्यातच आहे. गराबरोबर पिठात घाला. एकदा विरघळलेला गर पुन्हा गोठवायचा नाही.

गोठलेल्या चकत्या नुसत्या मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवल्या तर आइसक्रीमसारखा मऊ गोळा होतो. दूध घालायची घाई करू नका. सुरुवातीला भुगा होतो, दोनदा कडा खरवडून फिरवलं की तो एकजीव होतो. लगेच खायचा.

शिकरणीबद्दल एवढंच, कारण लोक उरलेली शिकरण फ्रीजमध्ये ठेवतात: दुधातलं केळं ठेवलं की काळपट आणि कडवट होतं. ती पानं वाढल्यावर करायची आणि त्याच पानावर संपवायची.

९. साली त्याच दिवशी हलवा

साली ओट्यावर किंवा उघड्या डब्यात राहिल्या की दुसऱ्या दिवशी चिलटं झालीच म्हणून समजा, आणि ती उरलेल्या केळ्यांवर जाऊन बसतात. कंपोस्टचा डबा असेल तर साली बोटभर तुकडे करून टाका आणि वर वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या भुशाचा थर द्या. अख्खी साल कुजायला फार वेळ घेते. कुंडीतल्या मातीवर साल तशीच पसरू नका, बुरशी आणि चिलटं दोन्ही येतात. कंपोस्ट नसेल तर साली कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सकाळी घंटागाडीत ओल्या कचऱ्यात द्या. देठावर चिकटवलेले कागदी-प्लास्टिकचे लेबल आधी काढा, ते ओल्या कचऱ्यात कुजत नाहीत.